रंजक पेटल्यानंतर

गाझियाबादला बदली झाली असं कळवलं तेव्हा एनडीएतल्या कोर्समेट्सकडून सहानुभूतीचे संदेश आले. एकाने विचारलं, "तिथे नेमकं काय राखायचंय, मॉल?" काश्मीर झालं, सिक्कीम झालं, वाळवंट झालं, आता एनसीसी. कॉलेजची मुलं-मुली, सकाळची परेड, फायलींचे ढिगारे आणि हिंडनच्या पुलावरचा ट्रॅफिक. तक्रार नाही. कर्नलच्या हुद्द्यावर सहसा न मिळणारी एक गोष्ट इथे मला परत मिळाली. आठवड्यातून दोन-तीन सकाळी मी रेंजवर असतो, फायर करणाऱ्याच्या शेजारी, पोटावर झोपून.

रेंज म्हणजे फार काही नाही. २५ यार्ड, मातीचा बट, लाकडी चौकटीवर डकवलेली टार्गेटं आणि पॉइंट टू टूच्या जुन्या रायफली. शिकवायचा धडा मात्र तोच, जो प्रत्येक पलटणीत प्रत्येक रिक्रूटला शिकवतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. मराठी पोरगा हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा चक्रावतो. नेमबाजीच्या तासाला उस्ताद शिस्तीचं काय सांगतोय? फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम. शब्द फारसीतून आला आणि जुन्या मराठीतही त्याचा अर्थ बंदुकीचा रोख असाच होता. रोख सरळ हवा, म्हणून पुढे रांग सरळ, वागणं सरळ, असा तो शाळेच्या फळ्यापर्यंत पोचला असावा. माझ्या शाळेत शिस्तीच्या नावाखाली जे काही झालं त्यात नेम फक्त मास्तरांच्या डस्टरला होता, ते सोडा.

यंदा मुलींच्या तुकडीत मुरादनगरकडच्या एका खेड्यातली एक कॅडेट आहे. वडिलांची उसाची शेती, ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पकड उत्तम, श्वासावर ताबा उत्तम, रायफल खांद्यात दगडासारखी. आणि गोळ्या टार्गेटभर विखुरलेल्या. थल सैनिक कॅम्पच्या निवडीला तीन आठवडे उरलेले. घरून कॉलेजला पाठवतानाच खळखळ झालेली. निवड झाली तर पुढच्या वर्षी एनसीसी चालू राहणार, नाही तर नाही, हे तिच्या मैत्रिणीने आमच्या सुभेदार साहेबांना सांगितलेलं.

सुभेदार साहेब मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, सातारा जिल्ह्यातले. त्यांनी काही न बोलता तिची रायफल घेतली, बोल्ट मागे घेतला, पाठ करून पुढे ढकलला आणि परत दिली. तिला वाटलं आत गोळी आहे. होता ड्रिल राउंड. तिने ट्रिगर दाबला, 'खट' असा आवाज झाला आणि बार झालाच नसताना नळीचं तोंड इंचभर खाली गेलं. डोळे घट्ट मिटलेले. बाकीच्या मुली हसल्या. ती उठून बसली आणि म्हणाली, "सर, मुझसे नहीं होगा."

या आजाराला आम्ही फ्लिंच म्हणतो. धक्का येणार हे शरीराला ठाऊक असतं आणि ते आधीच दचकून घेतं. जवानातही असतो, अधिकाऱ्यातही असतो, फक्त आधुनिक रायफल तो झाकून ठेवते. ट्रिगर सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत इतका कमी वेळ जातो की थोडंफार दचकणं खपून जातं. ते अजिबात खपवून न घेणारी बंदूक मी एकदाच हाताळली आहे. त्या सकाळी रेंजवर मुलींना गोल बसवून मी तिचीच गोष्ट सांगितली.

ठासणीची बंदूक आम्हा कोकणातल्यांना नवी नाही. डुकरं आणि वानरं बागायतीत शिरतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती अनेक घरांत असायची, अजून काही घरांत आहे. आजोबांकडे होती ती केपाची. तोंडाने दारू भरायची, गोळी किंवा छर्रे ठासायचे आणि मागे तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप, बसवायची. घोडा केपावर आपटला की बार. मी सांगतोय ती त्याच्याही आधीची, केपाचा शोध लागण्यापूर्वीची. हिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. चकमकीची बंदूक. हिंदीत पथरकला.

काही वर्षांपूर्वी एका कोर्ससाठी इंग्लंडला होतो. तिथल्या एका क्लबात अशा बंदुकांनी टार्गेट शूटिंग करणारी म्हातारी मंडळी दर रविवारी जमत. जगभर त्याच्या रीतसर स्पर्धा होतात. लष्करी चकमकीची मस्केट ५० मीटरवर उभ्याने, चकमकीची रायफल १०० मीटरवर झोपून, तोड्याची बंदूक वेगळी. प्रत्येक प्रकाराला नाव आहे. तोड्याच्या बंदुकीच्या प्रकाराला 'तानेगाशिमा', कारण १५४३ साली पोर्तुगीजांच्या बंदुका जपानच्या त्या बेटावर उतरल्या. ३० मिनिटांत १३ गोळ्या झाडायच्या आणि त्यातल्या चांगल्या १० मोजायच्या. ३० मिनिटं ऐकून आमच्यातला एक पायदळाचा मेजर हसला होता. भरायला लागल्यावर हसू गेलं.

मला ज्यांनी शिकवलं ते रेल्वेतून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ होते. रायफल भरण्याची त्यांची पद्धत देवपूजेसारखी, क्रम चुकायचा नाही. आधी नळी पुसायची. मग मापाने दारू, साधारण साडेचार ग्रॅम. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतायची नाही, कारण आधीच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर अख्खं शिंग हातात फुटतं. मग चरबी लावलेला सुती कापडाचा तुकडा नळीच्या तोंडावर, त्यावर शिशाची गोळी, आणि गजाने ठासत पार तळापर्यंत. नळीत आतून आटे पाडलेले असतात. कापड त्या आट्यांत घट्ट बसतं आणि गोळीला फिरकी देतं, म्हणून रायफलचा नेम लांबवर टिकतो. मस्केटला आटे नाहीत, तिची गोळी नळीपेक्षा लहान, घरंगळत आत जाते. म्हणून मस्केट मिनिटाला तीन बार करते आणि रायफलला एका बाराला मिनिट कमी पडतं. त्या काळच्या सेनापतींनी घाऊक हिशेब केला आणि बहुतेकांच्या हाती मस्केटच दिली.

शेवटी रंजक. नळीच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला आपल्याकडे कान म्हणतात. कानाबाहेर खोलगट पात्र, त्यात चिमूटभर बारीक दारू, ती रंजक. पात्रावर पोलादी झाकण. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी झाकणाच्या उभ्या पट्टीवर घासते, झाकण उघडतं, ठिणग्या रंजकात पडतात, रंजक भडकतो, ज्वाळा कानातून आत जाते, मुख्य दारू पेटते आणि मग गोळी निघते. म्हाताऱ्यांनी बजावलं होतं, रंजक कानाच्या खालीच ठेव. कान बुजला तर ज्वाळा आत उडी मारणार नाही, वातीसारखी जळत जाईल.

हे सगळं उत्तम जमलं तरी चाप ओढणं आणि गोळी सुटणं यात सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग जातो. कागदावर हे काहीच नाही. पण गालावर बंदूक टेकवलेली असताना उजव्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर भक्कन जाळ होतो, पांढरा धूर नाकात जातो, आणि बार अजून व्हायचा असतो. दोन आवाज वेगवेगळे ऐकू येतात: आधी 'फस्स', मग 'धडाम'. त्या दोघांच्या मध्ये जे करायचं असतं त्याला माझ्याकडे एकच वर्णन आहे. काहीही करायचं नाही. माशीवरची नजर माशीवर, माशी टार्गेटवर, गाल लाकडावर. जाळाकडे बघितलं की गोळी गेली. आमचा हसणारा मेजर, दहशतवाद्यांच्या फायरखाली राहिलेला माणूस, पहिल्या पाच बारांत पाचही वेळा जाळाकडे बघत होता. टार्गेट स्वच्छ. म्हातारे त्याला शांतपणे म्हणाले, "ही बंदूक तुम्ही किती शूर आहात ते विचारत नाही, तुम्ही अजून इथेच आहात का एवढंच विचारते."

आणि कधी कधी 'फस्स' होतं, 'धडाम' होतच नाही. रंजक जळून जातो, आतली दारू तशीच. किंवा तशीच नसते, आत कुठेतरी धुमसत असते. तेव्हा नळी मिनिटभर टार्गेटकडेच रोखून उभं राहायचं. तो मिनिट फार लांब असतो.

धुराचा वास ओळखीचा होता. शोरा, कोळसा, गंधक. दिवाळीत अंगणात भुईनळा लावल्यावर येतो तोच.

मुलींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या कॅडेटला मी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. ट्रिगर दाबल्यावर मनात 'एक' मोजेपर्यंत डोकं उचलायचं नाही, आणि बार झाला की टार्गेट बघण्याआधी मला सांगायचं, माशी शेवटी कुठे होती. डोळे मिटलेल्या माणसाला हे सांगता येत नाही. सुभेदार साहेब मधूनच ड्रिल राउंड घालत राहिले, कधी दुसरा, कधी पाचवा, तिला न कळवता. तिने "सर, नीचे, सात बजे" असं सांगायला सुरुवात केली, आणि खरंच गोळी खाली सात वाजता असायची. दहाव्या दिवशी पाचही गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत आल्या. निवडीच्या पुढच्या टप्प्यावर ती गेली आहे. तिथे तिच्याहून चांगल्या मुली येतील, ते तिला सांगून ठेवलंय.

पण त्या गोल बसलेल्या सकाळी दुसऱ्याच एका मुलीने मला प्रश्न विचारला होता. "सर, ये हमारे यहाँ किसके पास थी?"

सगळ्यांकडे होती, बाळ. तू बसली आहेस तिथून तासाभराच्या अंतरावर आमच्यांकडे होती.

११ सप्टेंबर १८०३. जनरल जेरार्ड लेक अलीगढचा किल्ला घेऊन, हिंडन ओलांडून दिल्लीच्या समोर यमुनेच्या या काठाला पोचला. पटपडगंजजवळ शिंद्यांची फौज वाट पाहत होती. ही फौज भाल्याबर्चीवाली नव्हती. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या होत्या. त्यांना 'कंपू' म्हणत. आज ऑफिसातल्या टोळक्याला आपण कंपू म्हणतो तो शब्द तिथला. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली त्यांच्या तोफा ओतल्या जात, बंदुकाही तिथे बनत. इंग्रज सैनिकाच्या हातात चकमकीची मस्केट होती आणि शिंद्यांच्या शिपायाच्या हातातही चकमकीची मस्केट होती. भरण्याची कवायत तीच, संगीन तीच. आपण हत्यारांत मागासलेले होतो म्हणून हरलो, ही शाळेतली समजूत पटपडगंजला लागू पडत नाही.

लेकने आधी घोडदळ पुढे नेलं. मराठी तोफांनी ते भाजून काढलं, लेकचा स्वतःचा घोडा पडला. मग त्याने घोडदळाला माघारीचं सोंग करायला लावलं. शिंद्यांच्या पलटणी मोर्चे सोडून पाठलागाला बाहेर आल्या, घोडदळ दुभंगलं आणि त्यामागून लेकचं पायदळ समोर आलं. ७६वी पलटण आणि कंपनीचे देशी शिपाई, खांद्याला बंदुका, एकही बार न करता, तोफांच्या माऱ्यात चालत आले. शंभर पावलांवर एकच फैर झाडली आणि संगीन. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून पाचशेच्या आत. आपले हजारोंनी. ६८ तोफा गेल्या.

शंभर पावलं हा आकडा काही हवेतला नाही. मस्केटचा नेम त्यापलीकडे धरण्यात अर्थच नसतो. म्हणजे ज्याच्याकडे 'फस्स' आणि 'धडाम' यांच्या मध्ये स्थिर राहायची सवय आहे, त्याने समोरून भिंत चालत येत असताना तेवढ्या अंतरापर्यंत चापाला बोट लावायचं नाही. आणि रांगेत खांद्याला खांदा लावून उभं असताना आपला जाळ वीतभर दूर असतोच, वर डावीकडच्याच्या कानातून निघणारी आगही आपल्याच गालावर येते. हे दोन्ही बाजूंच्या शिपायांना शिकवलेलं होतं.

मग फरक कुठे पडला? सैन्यातल्या माणसाला एका ओळीत कळेल. शिंद्यांच्या उत्तरेतल्या फौजेचा मुख्य, पेराँ, अलीगढ पडल्यावर राजीनामा देऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. पटपडगंजला फौजेची सूत्रं लुई बुर्किनकडे होती. लढाईनंतर तीन दिवसांनी, १४ सप्टेंबरला, बुर्किन आणि त्याचे फ्रेंच सोबती लेकच्या स्वाधीन झाले. तोफा गेल्या तशा गेल्या. हे चालत गेले. दिल्लीहून निसटलेल्या काही पलटणी अलवरजवळ लासवारीला दख्खनहून आलेल्या पलटणींना मिळाल्या आणि १ नोव्हेंबरला तिथे पुन्हा उभ्या राहिल्या. आता बहुतेक फिरंगी अधिकारी नव्हतेच. त्या दिवशी शिंद्यांचे गोलंदाज तोफेजवळून हलले नाहीत. संगीन छातीला लागेपर्यंत भरत राहिले. खुद्द लेकने लिहून ठेवलंय की असा प्रसंग आपल्यावर कधी आला नव्हता, आणि यांना अधिकारी असते तर निकालाचं सांगता आलं नसतं. शत्रूच्या सेनापतीने माझ्या पेशाबद्दल दिलेला हा दाखला मी स्टाफ कॉलेजच्या वर्षात वाचला आणि अजून विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट मी त्या मुलीला सांगितली. 'आमच्यांकडे' म्हणालो खरा, पण त्या पलटणींतले बरेचसे शिपाई मराठी मुलखातले नव्हते. ते याच दुआबातले, अवधचे, रोहिलखंडचे. शिंद्यांचं मीठ खाल्लेले. त्यामुळे पटपडगंजला उभं राहिलेल्याचा वंशज कोण, साताऱ्याचे सुभेदार साहेब की मुरादनगरची कॅडेट, हे मला विचाराल तर मी तिच्याकडे बोट दाखवीन.

गाझियाबादचा स्वतःचा वाटा ५४ वर्षांनंतरचा. ३० मे १८५७ला मेरठहून निघालेल्या इंग्रज फौजेची आणि दिल्लीहून आलेल्या बंडवाल्यांची हिंडनच्या पुलाशी गाठ पडली. तोवर चकमक जाऊन केप आली होती. ६०व्या रायफल्सकडे आटे पाडलेली नवी एनफिल्ड, शिपायांकडे बहुतेक जुन्या मस्केटी. गोळी आट्यांत सरकावी म्हणून लावायची ती चरबी, जी मी इंग्लंडात बोटाने कापडावर चोळली, तीच पुढे काडतुसावर आली आणि तिच्यावरूनच तर सगळं पेटलं होतं. त्या संध्याकाळी तोफा हातच्या जाताना अकराव्या पलटणीच्या एका शिपायाने आपली बंदूक दारूगोळ्याच्या गाडीत झाडली. तो गेला, बरोबर ६०व्या रायफल्सचा कॅप्टन अँड्र्यूज आणि त्याची काही माणसं गेली. कॅप्टनचं नाव इतिहासात आहे. शिपायाचं नाही.

मागच्या महिन्यात सुभेदार साहेबांना घेऊन नोएडाला गेलो. १८०३च्या लढाईचं स्मारक तिथल्या गोल्फ कोर्सच्या आत आहे, १९१६ साली इंग्रजांनी उभारलेला दगडी स्तंभ. हिरवळ इतकी नीट कापलेली की बूट घालून चालायला संकोच वाटावा. स्तंभावर लेकचं नाव आहे, बुर्किनचं आहे, मराठा फौज हरली एवढं आहे. साहेबांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"सर, यांच्यात पलटणीचं नाव नाही घातलेलं."

"नाही साहेब."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग स्तंभाला पाठ लावून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली, परेडवर मोजतात तशी, मोठ्याने नाही पण ओठ हलताना दिसत होते. शंभर झाल्यावर मागे वळले. हात आपोआप वर आले, डावा पुढे, उजवा गालाजवळ, हातात काहीच नसताना. तसे ते बराच वेळ राहिले. मी स्तंभापाशी उभा होतो, त्यांच्या समोर.

"सर," ते तिथून म्हणाले, आवाज न चढवताही नीट ऐकू आलं, "इथून तोंड ओळखू येतं की."

मागच्या टीवरून कोणीतरी ओरडलं, बाजूला व्हा म्हणून. आम्ही बाजूला झालो.